वऱ्हाडचे अनोळखी धन



वऱ्हाडाविषयी बोलायचे म्हटले की आधी कापूस आठवतो आणि मग ऊन आठवते. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण सर्वांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे, आणि ते सोने म्हणजे पांढरे सोने हे कोणाला सांगावे लागत नाही. एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात आपला कापूस 'ऊमरा' या नावाने विकला जाई. ते नाव म्हणजे 'उमरावती'चे, या आपल्या अमरावतीचे, व्यापाऱ्यांनी केलेले लघुरूप होय. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात तिकडच्या कापसाची वाट अडवली आणि जगाचे लक्ष या प्रांताकडे वळले. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० साली खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तेव्हापासून जगाच्या हिशेबात वऱ्हाड म्हणजे कापसाचे बोंड. खेदाची गोष्ट एवढीच की आपल्या स्वतःच्या हिशेबातही हळूहळू तेच होऊन बसले.

आज आम्ही कापसाविषयी बोलणार नाही. लोणारच्या विवराविषयीही बोलणार नाही. २०२० साली त्याचे पाणी गुलाबी झाले, त्याच वर्षी ते सरोवर रामसर यादीत गेले आणि त्याची कीर्ती सर्वदूर झाली. त्याला आमच्या वकिलीची गरज उरलेली नाही. आम्हांला बोलायचे आहे ते ज्यांना वकील मिळाला नाही अशा चार-पाच गोष्टींविषयी. एक पक्षी, दोन भाषा, एक वेल आणि एक माळ. या सर्व गोष्टी अमरावती-अकोल्याच्या आसपासच्या आहेत, एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यातल्या आहेत. तरीही लंडनच्या किंवा लायडनच्या विद्वानांना त्यांतील काहींची जितकी माहिती आहे तितकी आपल्याला नाही.

जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडचे तीन पट्टे सांगतात. उत्तरेस सातपुड्याचा मेळघाट, मध्ये पूर्णेच्या खोऱ्याचा पयनघाट आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट. आपणही याच क्रमाने जाऊ.

मेळघाटचा वाघ सर्वांना ठाऊक आहे. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होते. पण याच सागवानी जंगलात एक वीतभर उंचीचा पक्षी राहतो, आणि त्याची कहाणी वाघाच्या कहाणीहून अधिक विलक्षण आहे. त्याचे नाव रानपिंगळा. आपल्या गावाकुसाच्या वडा-पिंपळावर जो ठिपक्याठिपक्यांचा पिंगळा बसतो, त्याचा हा रानातला भाऊबंद. मात्र याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, अंग भरदार असते, पायांवर पांढरी पिसे असतात, आणि मुख्य म्हणजे घुबडाच्या जातीचा असून हा दिवसाढवळ्या शिकार करतो. निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर उन्हात बसून सरडे, पाली, उंदीर, टोळ यांच्यावर झडप घालतो.

या पक्ष्याची शास्त्रात पहिली नोंद १८७३ साली झाली. आदल्या वर्षी आजच्या छत्तीसगडच्या बाजूला ब्लूइट नावाच्या अधिकाऱ्याला एक नमुना मिळाला. त्यावरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि शास्त्रीय नावात ब्लूइटचे नाव गोवले. ह्यूम हे नाव आपल्या ओळखीचे आहे. १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूमसाहेब! १८९७ साली याच अमरावती नगरीत सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली त्या सभेचे अधिवेशन भरले. त्या मंडपात देशाच्या भवितव्याची चर्चा चालली होती, तेव्हा सभेच्या संस्थापकाने नाव दिलेला पक्षी तेथून साठ-सत्तर मैलांवरच्या रानात बसलेला असेल, याची कोणाला कल्पना असणे शक्य नव्हते.

१८८४ साली खानदेशात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने शेवटचे नमुने मिळवले, आणि त्यानंतर हा पक्षी दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची अवघी सात कातडी होती. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलाने सांगितले की आपण १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे एक नमुना मिळवला. कर्नल नामांकित, तेव्हा शंका कोण घेणार? साऱ्या ग्रंथांत ती नोंद चढली आणि शोध घेणाऱ्यांच्या वाटेत ती मांडवीची चिठ्ठी आडवी येत राहिली. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातील नमुने बारकाईने तपासले, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचाच एक नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरला होता. त्याचा जुना भुसा काढून नवा भरला होता आणि त्यावर आपल्या नावाची खोटी चिठ्ठी बांधली होती.

खोटी नोंद बाजूला सारल्यावर बाईंनी खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या सहकाऱ्यांसह त्या शोधास निघाल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ एका उघड्या फांदीवर त्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे काही वर्षांतच तो मेळघाटातही सापडला, आणि एकदोन नव्हे. आज या पक्ष्याची जी ज्ञात वस्ती आहे तिचा मोठा हिस्सा आपल्या मेळघाटात आहे. २०१८ साली जागतिक यादीत त्याची गणना 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात झाली, म्हणजे संकट एक पायरी उतरले.

या कथेतून घ्यायचा बोध असा. रानपिंगळा त्या एकशे तेरा वर्षांत नाहीसा झालेला नव्हता. तो आपल्या झाडावरच बसलेला होता. नाहीशी झाली होती ती नोंद, आणि जी होती ती खोटी होती. ज्याची नोंद नाही त्याला वाली नाही, आणि खोटी नोंद तर नसलेल्या नोंदीहून वाईट. याच्या उलट प्रकार पाहायचा असेल तर चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर जावे. तेथील दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड कोरला आहे, दोन तोंडांचा, हत्तींना उचलून नेणारा. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला, कानडी घराण्यातला. बालपणी युद्धात पकडला जाऊन तो बहमनी दरबारात आला. विजयनगरचे ते चिन्ह वऱ्हाडच्या डोंगरावर येण्याचे कारण त्याच्या या जन्मकथेत शोधले जाते. पाहा, जो पक्षी पृथ्वीवर कधी नव्हताच त्याची नोंद दगडावर पाचशे वर्षे टिकली, आणि जो खराखुरा गडाखालच्या रानात होता तो कागदावरसुद्धा टिकला नाही.

आता त्याच रानातल्या माणसांकडे वळू. मेळघाटातले कोरकू आपण आठवडी बाजारात पाहतो. त्यांची बोली कानावर पडली की ही कसली तरी डोंगरी मराठी किंवा हिंदीचीच मोडतोड असेल असा आपला समज असतो. तो साफ चुकीचा आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही, तेलुगू-कानडीशी नाही, शेजारच्या गोंडीशीही नाही. तिच्या सख्ख्या बहिणी झारखंडाकडे, संथाली आणि मुंडारी. आणि दूरचे गोत थेट कंबोडिया-व्हिएतनामात. कोरकूत एक म्हणजे 'मिया', दोन म्हणजे 'बारी', चार म्हणजे 'उपुन'. संथालीत दोनास 'बार' आणि चारास 'पोन' म्हणतात. व्हिएतनामी माणूस चारास 'बोन' म्हणतो. धारणीच्या बाजारात मोहाचा हिशेब करणारी बाई आणि मेकाँगच्या मुखाशी भात विकणारी बाई, दोघींच्या तोंडी एकाच प्राचीन शब्दाची लेकरे आहेत. या मुंडा कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा कोणती, तर आपली कोरकू. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हा 'कोरकू' याचा अर्थ इतकाच, की माणसे.

२०११ च्या जनगणनेत सुमारे सव्वासात लाख लोकांनी कोरकू ही आपली भाषा म्हणून सांगितली. त्यांच्याजवळ मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी फळ्या उभारण्याची रीत आहे. त्यांना ते 'मुंडा' म्हणतात. त्यांवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले असतात. आपण वीरगळांवर प्रबंध लिहितो, पण दगडाऐवजी सागाचा म्हणून त्यांचा हा वीरगळ आपल्या इतिहासात अजून पुरता आलेला नाही. लाकूड ते, उन्हापावसात किती दिवस टिकणार?

याहून नवलाची गोष्ट पश्चिमेकडे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोदच्या परिसरात आणि सीमेपलीकडच्या निमाडात निहाल नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेला निहाली किंवा नहाली म्हणतात. बोलणारे सुमारे दोन हजार. तिच्यात कोरकूचे, मराठीचे, हिंदीचे आणि द्राविडी भाषांचे शब्द पुष्कळ शिरले आहेत. पण ते सारे चाळून काढल्यावर तळाशी जे उरते त्याचे नाते जगातल्या कोणत्याही भाषेशी जुळत नाही! ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीने या शतकापूर्वीच्या शतकारंभी तिची दखल घेतली. १९६२ साली कायपर या डच पंडिताने तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आर्य, द्राविड, मुंडा यांच्यापूर्वी या देशात कोण बोलत होते आणि काय बोलत होते, या प्रश्नाचा एखादा धागा तिच्यात असू शकेल म्हणून पंडित तिच्याकडे आशेने पाहतात. तो धागा आपल्या जिल्ह्यालगत, मजुरीला येणाऱ्या माणसांच्या तोंडी आहे, आणि त्यांची मुले शाळेत गेली की मराठी बोलू लागतात. मराठी शिकू नये असे आम्ही कसे म्हणू? ती शिकलीच पाहिजे. पण मराठी येण्यासाठी निहाली जाणे आवश्यक आहे काय, हा विचार मात्र शिक्षकांनी करावा.

याच संदर्भात एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. वाघांना निवांत अरण्य मिळावे म्हणून या शतकाच्या आरंभापासून मेळघाटच्या गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड आणि त्यांच्यामागून इतर गावे उठवून खाली आकोटच्या बाजूस बसवली गेली. रिकाम्या झालेल्या गावठाणांवर गवत वाढले, गवे आणि चितळे तेथे चरू लागली, हा लाभ खरा आहे. आणि डोंगर सोडून उन्हाच्या पट्ट्यात आलेल्या माणसांचे हालही खरे आहेत. त्यांतील काही जण रागाने परत वर गेल्याच्या घटनाही घडल्या. दोन्ही खऱ्या गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहिल्या म्हणजे एकीकडे डोळेझाक करण्याचा मोह होतो. तो आपण टाळावा. ओढ्याला, टेकडीला, झाडाच्या जातीला कोरकूंनी दिलेली नावे त्या माणसांबरोबर खाली आली आहेत. ती खाली आलेल्यांची दुसरी पिढी विसरण्याच्या आत लिहून घेतली, तर वाघाचे काही बिघडणार नाही आणि ज्ञान मात्र वाचेल.

आता डोंगर उतरून पयनघाटात येऊ. अंजनगाव-सुर्जी हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यास पाठ असते. १८०३ साली नोव्हेंबरच्या अखेरीस अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला आर्थर वेलस्ली याने गाविलगड घेतला आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावी दौलतराव शिंद्यांशी तह झाला. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक होऊन वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. तहाची तारीख आपण पाठ करतो. पण त्याच गावच्या पानमळ्यांत जे पिकते त्याची कीर्ती त्या तहाहून कितीतरी जुनी आहे.

ती वस्तू म्हणजे पानपिंपळी. नागवेलीची ही बहीण. अंजनगाव आणि आकोटच्या परिसरात बारी समाजाचे शेतकरी ती पिढ्यानपिढ्या लावत आले आहेत. हिचे मूळचे घर दमट, सावलीचे रान. वऱ्हाडात वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, वारा भट्टीसारखा वाहतो. अशा ठिकाणी हा नाजूक वेल जगतो कसा? शेवरी, पांगारा, हादगा अशा झाडांच्या दाट ओळी लावून, त्यांवर वेल चढवून, वरचेवर पाणी देऊन हे शेतकरी उन्हाच्या पोटात सावलीची एक खोली बांधतात. पानमळ्यात पायताण घालून जायचे नाही, ही जुनी रीत. कोणी तिला भाबडेपणा म्हणेल. पण जेथे बाहेरून आलेला रोग एका पावसाळ्यात सारा मळा बसवू शकतो, तेथे या रीतीत शहाणपण नाही असे कोण म्हणेल? वेलाला बोटाच्या पेरासारखी कणसे येतात. ती कच्ची असतानाच खुडून उन्हात वाळवतात.

सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून आपले त्रिकटू होते, ते घराघरांत माहीत आहे. पण हीच पिंपळी दोन हजार वर्षांपूर्वी रोमला जात होती. प्लिनी या रोमन लेखकाने तिचा भावही लिहून ठेवला आहे: काळी मिरी चार दिनार पौंड, पांढरी मिरी सात आणि पिंपळी पंधरा! इतकेच नव्हे, तर युरोपातल्या भाषांनी मिरीला जे नाव दिले ते मुळात आपल्या पिप्पलीचे आहे. पिप्पलीचे ग्रीकांनी 'पेपेरी' केले, रोमनांनी 'पीपेर' केले आणि इंग्रजांनी 'पेपर'. नाव पिंपळीचे, मान मिरीला. पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेची मिरची आली, आणि स्वस्त तिखट मिळताच पिंपळी स्वयंपाकघरातून उठून वैद्याच्या बटव्यात गेली. आज तिचे गिऱ्हाईक मुख्यतः औषधांचे कारखाने. बाजारभाव पडला किंवा विहिरीचे पाणी खोल गेले की मळे मोडतात, आणि एकदा मोडलेला पानमळा पुन्हा उभारायला पैसा आणि सवड दोन्ही लागतात. मळ्याबरोबर सावलीची खोली बांधण्याची ती विद्याही मोडते, आणि ती कोणत्या पुस्तकात मिळायची नाही.

अचलपूरजवळ चम्मक नावाचे गाव आहे. तेथे १८६८ साली वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला हा लेख. राजाने मधुनदीकाठचे चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांना दिले, तेव्हा गावाला कोणत्या वसुलीतून सूट दिली याची यादी त्यात आहे. चराई, कातडी, कोळसा, मीठ, फुले, दूध असे एकेक त्यात येते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडी गावाची ही जणू मोजदादच. राजाला कर घ्यायचा नव्हता तरी गावात काय काय आहे हे त्याला ठाऊक होते. आपल्या गावात आज काय काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे काय?

शेवटचा मुक्काम बालाघाटाच्या बाजूचा. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत अजून काही गवताळ माळ शिल्लक आहेत. पावसाळ्यात तेथे तणमोर येतो. मोर म्हटले तरी आकार कोंबडीएवढा. एरवी तो गवतात दिसायचा नाही. पण आषाढ-श्रावणात नर काळाभोर होतो, डोक्यामागे तुऱ्याची पिसे फुटतात, आणि मादीचे लक्ष वेधण्यासाठी तो गवताच्या वर दीड-दोन मीटर उसळी मारतो. एकदा नव्हे, दिवसात काही शे वेळा. माळ नसेल तर ही उसळी कोणाला दिसणार? पेरा वाढला, झाडे लावली गेली, रस्ते गेले, आणि २०२१ साली जागतिक यादीत तणमोराचा समावेश 'अतिसंकटग्रस्त' वर्गात झाला.

या माळाचा शत्रू कोण? अज्ञान. सरकारी कागदांत गवताच्या माळाला 'पडीक' म्हणण्याची जुनी वहिवाट आहे. ज्यावर पीक नाही, झाड नाही, ते पडीक. मग सद्हेतूने तेथे झाडे लावली जातात, आणि गवतावर जगणारा जीव झाडांच्या सावलीत मरतो. मेळघाटात झाड तोडणे पाप असेल. काही माळांवर झाड लावणेही तितकेच अहिताचे असते. पुण्यकर्मालाही जागा पाहावी लागते.

या माळाचा खरा जाणकार फासेपारधी. कोणत्या गवतात कोणता पक्षी अंडी घालतो, कोणता कोणत्या वेळी कोणत्या वाटेने जातो, हे त्याला फाशाच्या धंद्यामुळे पिढीजात कळते. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत पारधीही होते. १९५२ साली तो कायदा गेला. शिक्का मनामनांतून मात्र गेला नाही. अशा माणसांतल्या काहींनी अकोला-वाशीमकडे माळ राखण्याचे, तणमोराच्या जागा सांभाळण्याचे काम अंगावर घेतले आहे. ज्याच्या हाती फास होता त्याच्याच हाती राखण आली. यात उपकार कोणाचा कोणावर, हे आम्ही श्रोत्यांवर सोपवतो.

तर रानपिंगळा, कोरकू, निहाली, पानपिंपळी आणि तणमोर. या पाचांत समान काय आहे? पाचही आपल्या अंगणात आहेत आणि पाचांचीही नोंद आपण दुसऱ्यांवर सोडली आहे. यावर उपाय काय, असे विचाराल तर तो कायद्यातच लिहिलेला आहे. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत एक समिती असावी आणि तिने लोकांना विचारून आपल्या गावच्या झाडांची, प्राण्यांची, वाणांची आणि त्यांविषयीच्या लोकज्ञानाची एक नोंदवही करावी, असे ठरलेले आहे. आमची विनंती एवढीच की येत्या महिन्यात आपण आपापल्या पंचायतीत जाऊन ती वही पाहायला मागावी. ती नसेल तर सुरू करवावी. असेल तर ती कोणाला विचारून लिहिली हे पाहावे. पारध्याला, कोरकू म्हातारीला, पानमळेवाल्याला विचारून लिहिली, की टेबलाशी बसून दुसऱ्या गावची उतरवून काढली? कारण टेबलाशी लिहिलेली वही म्हणजे पुन्हा त्या कर्नलसाहेबांची चिठ्ठी होय, आणि खोट्या चिठ्ठीने काय होते ते आपण आत्ताच ऐकले आहे.

वऱ्हाडला सोन्याची कुऱ्हाड म्हणतात. कुऱ्हाड सोन्याची झाली तरी ती तोडण्याचेच काम करते. तिच्याशेजारी एक साधी वही आणि शिसपेन्सिल ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.